अंगी लागणे

‘खाल्लेले अंगी लागणे’ हा आपल्या बोलीतला फार जुना शब्दप्रयोग आहे. एखादे पोर खाऊन-पिऊनही वाळलेलेच राहिले तर आपली माय म्हणते, “खाते तं लय, पन आंगाले लागत नाही.” वाचक बंधू-भगिनींनो, या साध्या वाक्यात जी गोष्ट आहे तिचा अर्धा भाग डॉक्टरी शास्त्राला आत्ता आत्ता, म्हणजे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उमगू लागला आहे. खाणे वेगळे आणि अंगी लागणे वेगळे. मधल्या वाटेवर बरेच काही घडते आणि त्यात आपल्याखेरीज दुसऱ्याही कोणाचा हात असतो.

आमच्या घरी आम्ही तिघी जावा. सव्वीस वर्षे एका चुलीवर रांधले, एका गंजातली भाजी वाढून घेतली. थोरल्या बाई आयुष्यभर काडीसारख्या राहिल्या. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा माझ्याएवढीच होती. पुढे तिचे अंग सुटत गेले ते सुटतच गेले. ती बिचारी एक भाकर कमी खाते, उपाशी झोपते, तरी काटा खाली येत नाही. सासूबाई म्हणायच्या, ही चोरून खात असेल. थोरल्या बाईंना म्हणायच्या, हिला कोणाची नजर लागली. नजरेवर माझा विश्वास नाही, आणि धाकटी चोरून खात नव्हती हे मला ठाऊक होते, कारण डब्याच्या किल्ल्या माझ्याकडे असत. मग एकाच गंजातले तेल एकीच्या अंगावर चढते आणि दुसरीला शिवत नाही, हे कसे?

या प्रश्नाशी माझा संबंध घरापुरता नव्हता. मी एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षे नोकरी केली आणि २००९ साली निवृत्त झाले. रक्त, लघवी, थुंकी सगळेच तपासले, पण माझ्या टेबलावर सर्वांत जास्त आले ते स्टूलचे नमुने. शौचाची तपासणी. नातेवाइकांत हे सांगताना घरच्यांना अवघड व्हायचे. एका लग्नात माझे मामेसासरे जेवणाच्या पंगतीतच म्हणाले, “एवढी शिकलीस सूनबाई, अन् शेवटी लोकांचा मैलाच चिवडतेस?” मी म्हटले, “मामंजी, मैला उचलणे वेगळे आणि मैला वाचणे वेगळे. मी वाचते.” ते हसले, पण मागाहून त्यांनी स्वतःच्या पोटाची तक्रार मलाच येऊन सांगितली.

मैला वाचतात कसा? त्यात जंत आहेत का, त्यांची अंडी आहेत का, आव आहे का, रक्त आहे का हे तर पाहायचेच. पण कधी कधी डॉक्टर लिहीत, ‘फॅट बघा’. तेव्हा काचेच्या स्लाइडवर नमुन्याचा एक ठिपका घ्यायचा, त्यात सुदान थ्री नावाच्या रंगाचा थेंब टाकायचा, वर कव्हरस्लिप ठेवायची आणि मायक्रोस्कोपखाली सरकवायची. हा रंग फक्त चरबीला चिकटतो. निरोगी माणसाच्या नमुन्यात एखाद-दुसरा बारीक नारिंगी ठिपका दिसतो. ज्याचे तेल-तूप अंगी लागत नाही त्याच्या स्लाइडवर नारिंगी-लाल गोळ्यांचे शेतच्या शेत दिसते. मोठ्या इस्पितळांत याहून पक्की तपासणी असते. रोज शंभर ग्रॅम स्निग्ध पदार्थ खाऊ घालून तीन दिवसांचा सगळा मैला डब्यात साठवायचा आणि त्यातली चरबी मोजायची. दिवसाला सात ग्रॅमच्या वर गेली तर बिघाड समजायचा. आमच्या वस्तीत ही तपासणी एकानेही पुरी केली नाही. तीन दिवसांचा डबा दहा बाय दहाच्या खोलीत ठेवायचा कुठे? आणि रोज शंभर ग्रॅम तेल-तूप आणायचे कुठून?

तेलाचा प्रवास थोडा समजून घेऊ, म्हणजे पुढचे सोपे होईल. तेल लागलेले ताट नुसत्या पाण्याने धुऊन निघत नाही. राख लागते, साबण लागतो. आतड्यातही तेच आहे. पोटात सगळे पाणीच पाणी आणि खाल्लेले तेल त्यावर तरंगणारे. तेव्हा यकृत एक साबण तयार करते, त्याला आपण पित्त म्हणतो. विशेष म्हणजे ज्या कोलेस्टेरॉलच्या नावाने सगळे घाबरतात त्याच्यापासूनच यकृत पित्तातील आम्ले बनवते. हे पित्त पित्ताशयात साठते आणि आपण तेलकट खाल्ले की आतड्यात उतरते. तेलाचे बारीक बारीक थेंब होतात, स्वादुपिंडाचा रस त्यांना फोडतो आणि पित्त त्या फुटलेल्या तेलाला आपल्यात गुंडाळून लहान आतड्याच्या भिंतीपर्यंत नेऊन पोचवते. पलीकडे गेल्यावर त्याच्या पुन्हा पुड्या बांधल्या जातात आणि त्या रसवाहिन्यांतून रक्तात जातात. जेवणानंतर या वाहिन्या दुधासारख्या पांढऱ्या दिसतात.

साबण मात्र शरीर वाया घालवत नाही. लहान आतड्याच्या शेवटी सुमारे पंचाण्णव टक्के पित्त-आम्ले परत शोषून घेतली जातात आणि यकृताकडे जातात. दिवसातून अनेक वेळा तेच ते फिरत राहते. आपल्या आयांनी एकाच राखेच्या गोळ्यात आठ दिवस भांडी घासली, तशी ही काटकसर. उरलेली पाचेक टक्के मोठ्या आतड्यात उतरतात आणि तेथे त्यांची गाठ पडते जंतूंशी.

जंतू म्हटले की आपल्याला रोगच आठवतो. मला तर जास्तच, कारण माझी भाकरी त्यावरच होती. पण आपल्या शरीरात जितक्या स्वतःच्या पेशी आहेत, जवळजवळ तितकेच जंतू आपल्यात राहतात. पूर्वीच्या पुस्तकांत ते दहापट लिहिलेले असे. २०१६ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी नीट हिशेब मांडला तेव्हा आकडा अडतीस लाख कोटींच्या आसपास आला. सगळ्यांचे मिळून वजन म्हणाल तर पावशेरभर. त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. जठराचे आम्ल, पित्त आणि सतत पुढे ढकलणारा प्रवाह यांमुळे लहान आतड्याच्या वरच्या भागात त्यांची वस्ती विरळ असते, आणि ती विरळच असावी लागते. हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण माझी खरी गोष्ट तिथेच आहे. मैल्याचा पिवळट तपकिरी रंगसुद्धा या जंतूंचेच काम आहे, ते करणारे एन्झाइम तर २०२४ साली ओळखले गेले. मी अठ्ठावीस वर्षे तो रंग रजिस्टरात लिहीत होते.

आता या जंतूंचा आणि चरबीचा संबंध कसा सापडला ते सांगते. अमेरिकेत सेंट लुईस शहरात वॉशिंग्टन विद्यापीठ आहे. तेथे जेफ्री गॉर्डन नावाच्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत जंतूविरहित उंदीर पाळलेले होते. हवा गाळून दिलेली, खाणे निर्जंतुक केलेले, राहणे बंद प्लॅस्टिकच्या पेटीत. त्या उंदरांच्या पोटात एकही जंतू नव्हता. २००४ साली त्यांनी प्रसिद्ध केले की अशा उंदरांना साध्या उंदराच्या आतड्यातले जंतू दिले तेव्हा दोन आठवड्यांत त्यांच्या अंगावरची चरबी सुमारे साठ टक्क्यांनी वाढली. आणि खाणे? ते वाढले नव्हते, उलट पूर्वीपेक्षा जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले होते. कमी खाऊन जास्त अंगावर! हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आमची धाकटी जाऊ आठवली. तिचे म्हणणे सासूबाईंनी कधी ऐकून घेतले नाही.

कारण असे निघाले की आतड्यातून एक प्रथिन बाहेर पडते आणि ते पेशींना चरबी साठवण्यापासून आवरून धरते. सायकलच्या ब्रेकसारखे. जंतू आले की हा ब्रेक सैल होतो आणि रक्तातली चरबी पेशींत भराभर साठते. दुसरे कारण त्याहून सरळ आहे. २०१८ साली शिकागोच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की जंतूविरहित उंदरांना भरपूर तेलकट खाऊ घातले तर बरेचसे तेल मैल्यातून तसेच बाहेर जाते. म्हणजे माझ्या स्लाइडवरचे नारिंगी शेत. पण तेलकट खाणाऱ्या उंदराच्या लहान आतड्यातले जंतू त्यांना दिले की ते तेल चांगले शोषू लागतात. त्याआधी २०१२ साली झेब्रा माशांवरही असेच दिसले होते. हा मासा आपल्या गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुलखातला, बोटाच्या पेराएवढा, पिल्लू असताना काचेसारखा आरपार. त्याला चमकणारे तेल पाजले तर ते आतड्याच्या भिंतीत शिरताना डोळ्यांनी दिसते. जंतू असलेल्या पिल्लांत हे थेंब जास्त दिसले.

तेव्हा जंतू हे चरबी अंगी लावायला मदत करतात, असे म्हणून मोकळे होता येईल. पण ते तितके सरळ नाही. आता १९९७ सालची गोष्ट.

आमच्या वस्तीमागून नाला वाहत असे आणि पाण्याचा सार्वजनिक नळ नाल्याच्या काठालाच होता. पाइपाला गळती होती. नळाला पाणी तासभर यायचे, बाकीचे तेवीस तास तो पाइप रिकामा, म्हणजे बाहेरचे घाण पाणी आत ओढून घ्यायला मोकळा. त्या वस्तीतली एक बाई आपल्या दीड वर्षाच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. ती माझ्या माहेरकडची, मला ताई म्हणायची. मुलाचे वजन पावणेसात किलो. पोट पुढे, हातपाय काड्या. आजी म्हणत होती मुडदूस झाला, पोटावर बिब्बा घाला. आईने बिब्बा घालू दिला नाही म्हणून घरात भांडण झालेले. ती चार घरची धुणीभांडी करायची आणि तिथून मिळालेला पेरूसुद्धा पदरात बांधून पोरासाठी आणायची. वरणावर जवसाचे तेल घालायची, अंडे मिळाले तर अंडे, रविवारी मटणाच्या रश्शात भाकर कुस्करून. पोर खात होते. मी स्वतः त्याला खाताना पाहिले होते.

ती आधी एका दवाखान्यात जाऊन आली होती. तेथल्या डॉक्टरांनी पोराकडे एकदा पाहिले आणि तिला म्हणाले, “मुलं काढता, पण खायला घालता येत नाही तुम्हाला.” एवढे बोलून त्यांनी टॉनिकची बाटली लिहून दिली. ती बाहेर येऊन पायरीवर बसून रडली. हे तिने मला सांगितले तेव्हा रडत नव्हती, तिचा चेहरा नुसता दगडासारखा झाला होता.

मी तीन दिवस नमुने मागवले. जंत नव्हते. जिआर्डिया नावाचा एक परजीवी आहे, तोही तेल अंगी लागू देत नाही आणि आमच्याकडे तो हमखास सापडायचा. मी तिन्ही दिवस शोधला, नव्हता. मग मी सुदान थ्री लावले. नुसत्या रंगावर थोडेच थेंब दिसले. त्याच नमुन्यात ॲसिटिक ॲसिड टाकून स्लाइड गरम केली आणि पाहिले तर सगळीकडे नारिंगी गोळे. या दोहोंतला फरक महत्त्वाचा आहे. पहिल्या पद्धतीत न फुटलेले तेल दिसते, दुसरीत फुटलेले. म्हणजे स्वादुपिंडाने आपले काम केले होते, तेल फुटले होते. भिंतीपलीकडे गेले नव्हते. आईने चारले, पोराने खाल्ले, पोटाने पचवले, आणि सगळे बाहेर. मी रिपोर्टवर तसे स्पष्ट लिहिले. तो रिपोर्ट घेऊन ती पुन्हा त्याच दवाखान्यात गेली. कागद फाइलच्या मागे लावला गेला. पुढे तिने दुसऱ्या एका डॉक्टरांना दाखवला, त्यांनी तो नीट वाचला आणि जंतू मारायचे औषध दहा दिवस दिले. पोराचे वजन त्यानंतर हळूहळू चढले. तो जगला. उंची मात्र पाच फूट एक इंचावर थांबली.

तेव्हा आमच्या पुस्तकांत एक गोष्ट होतीच, की लहान आतड्यात जंतूंची गर्दी झाली तर ते पित्ताचे तुकडे करतात. पित्त-आम्लाला यकृताने एक शेपूट जोडलेले असते, त्यामुळे ते पाण्यात नीट विरघळते आणि साबणाचे काम करते. जंतू ते शेपूट तोडतात. मोठ्या आतड्यात तोडले तर बिघडत नाही, कारण तोवर तेल शोषून झालेले असते. पण वरच्या आतड्यातच तोडले तर भांडी घासण्याआधीच साबण नासला. मात्र पुस्तकात हा आजार लिहिलेला असायचा तो म्हाताऱ्यांचा, किंवा आतड्याचे ऑपरेशन झालेल्यांचा. वस्तीतल्या दीड वर्षाच्या पोराचा म्हणून कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नव्हते.

ते लिहिले गेले २०१८ साली. आफ्रिकेत मादागास्करची राजधानी अंतानानारिव्हो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाची राजधानी बांगी, या दोन शहरांतल्या गरीब वस्त्यांतली दोन ते पाच वर्षांची मुले तपासली गेली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेने स्थानिक डॉक्टरांबरोबर हे काम केले. वाढ खुंटलेल्या मुलांच्या लहान आतड्यातला रस नळीने काढून पाहिला. दहांपैकी नऊहून अधिक मुलांत तेथे जंतूंची गर्दी होती. आणि जंतू कोणते? जे तोंडात आणि घशात राहायला हवेत ते. जिभेवरचे बिऱ्हाड आतड्यात येऊन थाटलेले. पुढे २०२२ साली त्याच लोकांनी हे तोंडातले जंतू प्रयोगशाळेत आतड्याच्या पेशींना आणि उंदरांना देऊन पाहिले, तर चरबी शोषण्याचे काम बिघडले. मी तो लेख माझ्या भाच्याकडून वाचून घेतला, तो बायोटेक्नॉलॉजी शिकला आहे. वाचून झाल्यावर मी त्याला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावले.

यात सेंट लुईसच्या प्रयोगाशी विरोध नाही. जंतू योग्य जागी, योग्य जातीचे असले तर तेल अंगी लागते. चुकीच्या जागी चुकीची गर्दी झाली तर तेच हातचे निघून जाते. आणि वाढ खुंटण्यामागे एवढे एकच कारण नसते. पण घाणीतल्या पाण्याने सतत जंतू पोटात जात राहिले तर आतडे सुजते, त्याची भिंत झिजते, हेही डॉक्टरांना आता मान्य आहे. अशा पोराला नुसते जास्त खाऊ घालून भागत नाही. वजनाच्या तक्त्यावर लाल रेषेखालचा ठिपका बघून आईला दोष देणारे अजूनही पुष्कळ आहेत, आणि नळाचा पाइप कोणी तपासत नाही.

गॉर्डन यांनी पुढे आपले लक्ष लठ्ठपणाकडून कुपोषणाकडे वळवले, याचे मला कौतुक वाटते. ढाक्याच्या मीरपूर भागातल्या झोपडपट्टीत बांगलादेशी डॉक्टरांबरोबर त्यांनी बारा ते अठरा महिन्यांच्या मुलांसाठी एक खाणे तयार केले. त्यात काय होते पाहा: हरभऱ्याचे पीठ, सोयाबीनचे पीठ, शेंगदाण्याची पेस्ट आणि कच्चे केळे. कोणती वस्तू पोटातल्या कोणत्या उपयोगी जंतूला वाढवते हे बघून त्यांची निवड केली होती. २०२१ साली निकाल आला. नेहमीच्या तयार पोषक आहारात उष्मांक जास्त होते, तरी हे खाणे तीन महिने दिलेल्या मुलांची वजनवाढ चांगली झाली. हे चारही जिन्नस आपल्या घरात असतात. अर्थात तेथे ते ठरलेल्या प्रमाणात, जीवनसत्त्वे घालून दिले होते, तेव्हा घरच्या घरी मिसळून औषध समजू नये. पण शेंगदाण्याचा कूट आणि बेसन यांना गरिबाचे खाणे म्हणून नाक मुरडण्याचे कारण उरले नाही.

पुन्हा धाकट्या जावेकडे येते. तिला चाळिशीत मधुमेह निघाला. आपल्या लोकांच्या अंगावरची चरबी वेगळीच आहे हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला दाखवले. २००४ साली त्यांनी स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टर मित्राचा शेजारी शेजारी उभा फोटो छापला. दोघांचेही उंची-वजनाचे गुणोत्तर २२.३, अगदी सारखे. पण इंग्रज मित्राच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. यामागे आईच्या पोटातले कुपोषण आहे असे त्यांचे म्हणणे, जंतूंचा भाग यात किती हे वेगळे. पण काडीसारख्या दिसणाऱ्या आमच्या थोरल्या बाईंनीही साखर तपासून घ्यावी असा मी आग्रह धरला तो या फोटोमुळे.

आता धाकटीला कोणीतरी सांगितले की पोटातले जंतू बदलणारी कॅप्सूल मिळते, महिनाभरात वजन उतरते. तिने मला विचारले. २०१३ साली सेंट लुईसला जुळ्या बहिणींचा प्रयोग झाला होता, एक लठ्ठ, एक सडपातळ. लठ्ठ बहिणीचे जंतू दिलेले उंदीर जाड झाले, सडपातळ बहिणीचे दिलेले झाले नाहीत. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवले तर जाड होणारा उंदीर वाचला, कारण उंदीर एकमेकांची विष्ठा खातात आणि जंतू त्याच्याकडे गेले. पण हे घडले ते कमी चरबी आणि भरपूर चोथा असलेले खाणे असताना. तेलकट खाणे दिले तर सडपातळ जंतू टिकलेच नाहीत. माणसांत सडपातळ व्यक्तीचे जंतू लठ्ठ व्यक्तीला देऊन पाहिले गेले, वजन उतरल्याचे दिसले नाही. तेव्हा मी तिला सांगितले, कॅप्सूलचे पैसे दे मला, मी तुला ज्वारी घेऊन देते. ज्वारीच्या चोथ्यावर मोठ्या आतड्यातले जंतू जगतात आणि त्यापासून बारीक मेदाम्ले बनवतात, त्यांवर आतड्याच्या भिंतीचे पोषण होते. शिजवून गार झालेल्या पिठाचा काही भाग तर आपल्याला पचत नाही, तो थेट जंतूंच्या वाट्याला जातो. शिळी भाकर आपण वर्षानुवर्षे लपवून खाल्ली.

खाण्याची गोष्ट निघाली म्हणून एक सांगायचे राहते. आमच्या इमारतीतल्या एक बाई पेपरातले कात्रण घेऊन आल्या. मांस खाणाऱ्यांच्या पोटात विष तयार होते म्हणे! कात्रणात अर्धी गोष्ट होती. क्लीव्हलँड क्लिनिकच्या स्टॅन्ली हेझन यांनी २०११ आणि २०१३ साली दाखवले की अंड्यातील लेसिथिन आणि लाल मांसातील कार्निटिन यांपासून काही जंतू एक वायू बनवतात, यकृत त्याचे दुसरे रसायन करते, आणि ज्यांच्या रक्तात ते जास्त त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळतो. दीर्घकाळ मांस न खाणाऱ्यांच्या पोटात असे जंतू कमी असतात. हे खरे. पण तेच रसायन माशात तयारच असते, आणि हृदयाच्या रुग्णाला डॉक्टर मासे खा म्हणून सांगतात. रोज ताटभर लाल मांस खाणाऱ्या अमेरिकनाला ते विचारात घ्यावे लागेल. आमच्याकडे रविवारी अर्धा किलो मटण यायचे आणि खाणारी तोंडे नऊ. मी बाईंना चहा दिला आणि एवढेच विचारले, की तुमच्या घरी आठवड्याला तूप किती लागते? उलट, २०२० साली अमेरिकेत काही जंतूंचे असे एन्झाइम सापडले की जे आतड्यातल्या कोलेस्टेरॉलचे रूप बदलून ते शोषता न येण्याजोगे करते. ज्यांच्या पोटात हे जंतू असतात त्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल कमी आढळले.

त्या पोराची आई आता साठीला आली आहे. मागच्या वर्षी एका लग्नात भेटली, जयभीम झाला, शेजारी बसलो. मुलगा ऑटो चालवतो, त्याला दोन मुली आहेत. मी तिला बांगीची आणि अंतानानारिव्होची हकिकत सांगितली. तिच्या भाषेत, साबणाची उपमा देऊन. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “मंग तवा त्या डॉक्टरले कोनी सांगतलं नाही का हे?”

मी म्हटले, तेव्हा कोणालाच एवढे मालूम नव्हते.

“पन मले तं मालूम होतं ना ताई,” ती म्हणाली, “पोराले मी काय चारलं ते.”